रोलर स्केटिंग इतक्यांदा संपले, तरी टिकले कसे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाचा इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाके असलेल्या स्केट्सचा, वर्ग संपेपर्यंत आपण रिंकच्या कठड्याबाहेर बसता आणि त्या वेळात मोबाइलवर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना जुन्या पद्धतीच्या चारचाकी स्केट्सवर नाचताना पाहता. दीडशे वर्षांत अनेकदा मोडीत निघालेला हा प्रकार पुन्हा पुन्हा कसा उभा राहतो, जुन्या आठवणींच्या हौसेपलीकडे त्यात काही आहे का, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आता सुरुवात करण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात बरीच वर्षे स्केटिंग शिकवतो. त्याआधी स्वतः स्पीड स्केटिंगच्या शर्यतींत उतरत होतो, आणि मधल्या काळात नोकरीनिमित्त शिकागोजवळ राहत असताना तिथल्या रिंकमध्ये चारचाकी, म्हणजे क्वाड, स्केट्सवर जवळजवळ नव्याने चालायला शिकलो.

आठवणींचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. २०२० साली जगभर घराबाहेरचे सगळे बंद असताना क्वाड स्केट्सची मागणी इतकी वाढली की नामांकित कंपन्यांच्या ग्राहकांना कित्येक महिने थांबावे लागले. त्या खरेदीदारांतल्या बहुसंख्य तरुण मुलींनी १९७९ चा रोलर डिस्को पाहिलेला नव्हता आणि १९५० च्या दशकात रिंकमध्ये वाजणारा ऑर्गनही ऐकलेला नव्हता. ज्याची आठवणच नाही त्याची ओढ आठवणीतून येत नाही. माझ्या मते ही ओढ स्केटच्या तळाशी असलेल्या एका साध्या रचनेतून येते, आणि ती टिकते रिंक नावाच्या जागेमुळे. भारतात आपण हा खेळ घेतला, जागा घेतली नाही. आपल्याला कठड्याबाहेर बसून मोबाइलवर पाहावे लागते, त्याचे कारणही तेच आहे.

प्रथम रचनेविषयी. चाकांचे बूट अठराव्या शतकापासून होते. बेल्जियममधून १७६० साली लंडनला आलेला जॉन जोसेफ मर्लिन हा कारागीर सोहोमधल्या एका मेजवानीत चाके लावून व्हायोलिन वाजवत शिरला आणि वळता वा थांबता न आल्यामुळे एका महागड्या आरशावर जाऊन आदळला, असे सांगितले जाते. कथेत मीठमसाला असेलही, पण तिच्यातली तांत्रिक अडचण अगदी खरी आहे. १८१९ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट मिळालेल्या पतिब्लेद याच्या स्केटला एका ओळीत तीन चाके होती, १८२३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सच्या 'रोलिटो'ला पाच होती. म्हणजे इनलाइन ही कल्पना क्वाडपेक्षा जुनी आहे. या सगळ्या स्केट्स सरळ चालत, पण वळायचे म्हटले की पाय उचलून टाकावा लागे.

न्यूयॉर्कच्या जेम्स लेनर्ड प्लिम्प्टन यांनी जानेवारी १८६३ मध्ये पेटंट घेतलेल्या स्केटने ही अडचण सोडवली. प्रकृतीसाठी डॉक्टरांनी त्यांना बर्फावर स्केटिंग करायला सांगितले होते, आणि उन्हाळ्यातही तेच करता यावे अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी बुटाखालच्या पट्टीला दोन आस जोडले, प्रत्येक आसावर दोन चाके बसवली आणि आस व पट्टी यांच्यामध्ये रबराची उशी घातली. आस तिरप्या खुंटीवर फिरत असल्यामुळे स्केटरने शरीराचा भार एका कडेवर टाकला की रबर त्या बाजूला दबते, पुढचा आस थोडा आत वळतो, मागचा त्याच्या उलट वळतो आणि चारही चाके जमिनीवर असतानाच स्केट गोलाई घेते. दाबाखाली मान वळवणाऱ्या या जोडणीला आम्ही ट्रक म्हणतो. आज दुकानात मिळणाऱ्या महागातल्या महाग क्वाडमध्येही तत्त्व तेच आहे. रबराऐवजी युरेथेन आले, लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम आले, एवढेच.

याचा परिणाम वापरणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. सायकलला हँडल असते, गाडीला स्टिअरिंग असते. क्वाडमध्ये वळण्यासाठी वेगळी कोणतीही कृती करावी लागत नाही, ज्या बाजूला झुकाल त्या बाजूला जाल. इनलाइनवरही झुकूनच वळतात, परंतु तिथे सगळा भार एका ओळीत असल्यामुळे वेग असला तरच तोल सुखाने राहतो, आणि शर्यतीसाठी तेच हवे असते. क्वाडवर अगदी मंद गतीतही पाय स्थिर राहतो, टाचेच्या दोन चाकांवर गिरकी घेता येते, पावले एकमेकांत गुंफता येतात, आडवे घसरत जाता येते. नाचणाऱ्यांनी क्वाड सोडली नाही याचे कारण जुन्याच्या प्रेमापेक्षा हे अधिक आहे.

शिकागोच्या दक्षिण भागात ८७ व्या रस्त्यावर 'द रिंक' या नावाचीच एक जुनी जागा आहे. तिथे बाकावर बसून बुटाच्या नाड्या बांधत असताना शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी, मला न विचारता, माझी डावी स्केट उलटी धरली आणि पुढचा ट्रक अंगठ्याने दाबून पाहिला. तो हलला नाही. त्यांनी खिशातून छोटा पाना काढला, मधला नट पाव फेऱ्याइतका सैल केला, पुन्हा दाबले, पुन्हा पाव फेरा, आणि रबर जरासे फुगून बाहेर आल्यावर स्केट माझ्या हातात दिली. मग स्वतःची स्केट दाखवली. तिचे ट्रक इतके सैल होते की ती हलवताच चाके डुगडुगत होती. शर्यतीत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते धोकादायक वाटले. पुढच्या तासाभरात मला कळले की स्केट अवघडलेली असेल तर पावलांना लय सापडत नाही, आणि ट्रक किती सैल ठेवायचा हे ज्याच्या त्याच्या घोट्याच्या ताकदीवर ठरते. नवशिक्याचा ट्रक घट्टच असावा. तो सैल करत जाणे हाच शिकण्याचा बराचसा भाग आहे.

या रचनेच्या जोरावर लाटा येत गेल्या, त्यांचा धावता आढावा पुरे. प्लिम्प्टन यांनी स्केट्स विकण्याऐवजी भाड्याने देण्यावर भर दिला आणि १८६६ मध्ये र्‍होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट येथे एका हॉटेलात रिंक थाटले. स्त्री-पुरुषांनी एकत्र यायची सभ्य जागा अशी त्याची जाहिरात असे, आणि त्या काळात हे आकर्षण खेळाइतकेच मोठे होते. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसन यांनी चाकांत पोलादी बॉल बेअरिंग बसवण्याचे पेटंट घेतले, त्याने कष्ट एकदम कमी झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुसरी लाट आली, १९३० च्या दशकातल्या महामंदीच्या काळात तिसरी, कारण खिशाला परवडणाऱ्या मोजक्या करमणुकींत रिंक होते. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आली. त्याआधीची धातूची, लाकडाची वा मातीमिश्रित चाके बाहेरच्या खडबडीत जमिनीवर खडखडत आणि बारीकशा खड्यावर अडकत. नवी चाके जमीन धरून ठेवू लागली, आवाज कमी झाला, आणि स्केटिंग रिंकमधून कॅलिफोर्नियाच्या व्हेनिस बीचवरच्या रस्त्यावर आले. प्रत्येक लाटेनंतर ओहोटी आली. ओहोटीतही जे उरले ते रिंकभोवतीच उरले, म्हणून आता रिंककडे वळतो.

चांगले अमेरिकी रिंक म्हणजे मेपल लाकडाची प्रचंड फरशी. उत्तम कामात तिच्या पट्ट्या सरळ न टाकता दोन्ही टोकांना गोलाईने वळवून बसवतात, म्हणजे स्केटर वळणावरही लाकडाच्या रेषेबरोबरच जातो आणि चाकांना आडवे सांधे लागत नाहीत. सगळे जण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. नवखे कठड्याजवळून, वेगवान मधल्या पट्ट्यातून, आणि अगदी मध्यभागी गिरक्या घेणारे व पावले बसवणारे. संगीत लावणारा मधूनमधून घोषणा करतो: आता फक्त जोड्या, आता फक्त उलटे, आता तिघे-तिघे, आता सगळे. शिट्टी गळ्यात अडकवलेले एक-दोन कर्मचारी फरशीवर फिरत असतात. पडलेल्याला उठवतात आणि दांडगाई करणाऱ्याला बाहेर काढतात.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे नवरात्रातला मैदानावरचा गरबा. तिथेही येणाऱ्याला परीक्षा द्यावी लागत नाही, आजी आणि नात एकाच वर्तुळात असतात, कसलेले लोक आतल्या फेऱ्यांत आणि शिकणारे बाहेरच्या फेऱ्यांत असतात, आणि नवखा माणूस पुढच्याची पावले पाहून शिकतो. रिंकमधले शिक्षण बरेचसे असेच चालते. मी तिथे कोणाकडेही शिकवणी लावली नाही. पुढच्या माणसाच्या टाचांकडे पाहत फिरलो, चुकलो की कोणीतरी शेजारी येऊन तेच पाऊल सावकाश करून दाखवी आणि पुढे निघून जाई.

रिंक टिकवण्यासाठी माणसे काय काय करतात याचे माझे आवडते उदाहरण ओरेगनमधल्या पोर्टलंडचे आहे. तिथल्या ओक्स पार्कचे रिंक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विलामेट नदीच्या काठावर आहे. १९४८ च्या महापुरात ते बुडाले, तेव्हा पुन्हा बांधताना फरशीखाली हवाबंद लोखंडी पिंपे बसवली. पाणी वाढले की फरशीचे आधार तोडायचे आणि ती तरंगू द्यायची अशी योजना होती. १९६४ आणि १९९६ च्या पुरांत ती खरोखर तरंगली. त्याच रिंकवर फरशीच्या वर टांगलेला वुर्लिट्झर कंपनीचा पाइप ऑर्गन आहे. एकेकाळी अमेरिकेतल्या अनेक रिंकमध्ये प्रत्यक्ष ऑर्गनवादक असे आणि वॉल्ट्झ वा फॉक्सट्रॉट या जोडीनृत्यांचे ठोके मोजून वाजवी.

तथापि ऑर्गनच्या त्या सुरेल काळाविषयी बोलताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते, आणि ती न सांगता आपल्या प्रश्नाचे उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटेल. ज्या काळाला रिंकचा सुवर्णकाळ म्हणतात त्या काळात असंख्य रिंकमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, किंवा आठवड्यातली एखादी रात्र तेवढी त्यांच्यासाठी राखलेली असे. शिकागोतल्या व्हाइट सिटी रिंकसमोर १९४० च्या दशकात 'काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी' या संघटनेने निदर्शने केली होती. कृष्णवर्णीयांना बसू न देणाऱ्या उपाहारगृहांत १९६० मध्ये झालेल्या सुप्रसिद्ध सत्याग्रहांच्या आधीची ही लढाई आहे. १९६३ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या नागरी हक्कांच्या मोर्चासाठी लेजर स्मिथ नावाचे शिकागोचे व्यावसायिक स्केटर स्केट्स घालून निघाले आणि सुमारे ११०० किलोमीटरचे अंतर दहा दिवसांत कापून तिथे पोचले. त्यांच्या अंगावर 'फ्रीडम' असे लिहिलेला पट्टा होता.

कायद्याने दरवाजे उघडल्यावरही राखीव रात्री चालू राहिल्या, फक्त त्यांची नावे बदलली: सोल नाइट, मार्टिन ल्यूथर किंग नाइट, आणि आजही सर्वत्र प्रचलित असलेले नाव, ॲडल्ट नाइट. काही रिंकमध्ये लहान चाकांवर बंदी असे. कागदावर कारण फरशीचे नुकसान, परंतु लहान व कठीण चाके वापरणारे लोक कोण हे सगळ्यांना ठाऊक होते. अशा परिस्थितीत त्या ठरावीक रात्री जे जमले ते करमणुकीच्या फार पुढे गेले. प्रत्येक शहराची स्वतंत्र शैली झाली. शिकागोची शैली गायक जेम्स ब्राउन यांच्या संगीतावर घडली म्हणून तिला 'जेबी' म्हणतात, आणि तिच्यात पावले कैचीसारखी एकमेकांना छेदत ठेक्यावर पडतात. डेट्रॉइटचे लोक लांबलचक घसरत जातात, बाल्टिमोरमध्ये झटक्याने थांबून उचल घेणारी 'स्नॅप' आहे, न्यूयॉर्क व न्यू जर्सीकडे हात धरून आगगाडीसारख्या रांगा आणि तिघांचे गट वेगाने फिरतात. जाणकार माणूस फरशीवर एक फेरी पाहून समोरचा कोणत्या शहरातला आहे ते सांगतो. या शैली पुस्तकांतून आलेल्या नाहीत. त्या आठवड्यातल्या एकाच रात्री, एकाच फरशीवर, वडिलांकडून मुलीकडे आणि मामाकडून भाच्याकडे गेल्या. आपण पाहता त्या चलचित्रांतल्या बहुतेक पावलांची वंशावळ इथे लागते, आणि ती पावले करणाऱ्या पुष्कळ तरुणांना ती माहीत नसते, याची मला खंत वाटते.

संगीताच्या इतिहासातही या रिंकचे स्थान मोठे आहे. ब्रुकलिनमध्ये १९४१ पासून असलेल्या एम्पायर रोलरड्रोम या रिंकमध्ये बिल बटलर या स्केटरने १९५७ साली ऑर्गनऐवजी जॅझची तबकडी लावायला सांगितली आणि तिथून रोलर डिस्कोचा पाया पडला, असे सांगतात. मॅनहॅटनमधले 'रॉक्सी' १९७९ च्या सुमारास रोलर डिस्को म्हणून सुरू झाले आणि १९८२ मध्ये हिपहॉपचे माहेरघर बनले. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधले स्केटलँड १९८४ मध्ये उघडले. इतर सभागृहे रॅप कलाकारांना जागा द्यायला तयार नव्हती तेव्हा 'एन. डब्ल्यू. ए.' या गटाला तिथे व्यासपीठ मिळाले. फरशी मोठी, ध्वनियंत्रणा उत्तम आणि मालक ओळखीचा, या तीन गोष्टी जिथे होत्या तिथे नवे संगीत गेले. मोठी फरशी हेच पुढे रिंकचे संकट ठरले. शहरातली तेवढी जागा, विम्याचा वाढता खर्च आणि दर माणशी थोडे शुल्क, हे गणित जमेना तेव्हा रिंकमागून रिंक बंद पडले. एम्पायर २००७ मध्ये बंद झाले.

रोलर डर्बीविषयी थोडेसेच सांगतो. १९३५ मध्ये लिओ सेल्टझर यांनी शिकागोच्या कोलिसियममध्ये सुरू केलेला हा प्रकार आधी दिवसेंदिवस चालणारी सहनशक्तीची शर्यत होता, नंतर धक्काबुक्कीचा सांघिक खेळ झाला, टेलिव्हिजनवर गाजला आणि कालांतराने तमाशासारखा होऊन विझला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्त्रियांनी तो पुन्हा उभा केला. या वेळी खर्चिक उतरत्या ट्रॅकऐवजी सपाट फरशी पुरेल असे नियम केले आणि संघांची मालकी व कारभार खेळाडूंनी स्वतःकडे ठेवला. हा बदल दिसायला व्यवस्थापकीय आहे, पण त्याच्यामुळे कोणत्याही गावातले कोणतेही सभागृह चालू लागले आणि खेळ वेगाने देशोदेशी पसरला.

याउलट इनलाइनकडे पाहावे. मिनियापोलिसमधल्या ऑल्सन बंधूंनी १९८० च्या सुमारास बर्फावरच्या हॉकीच्या सरावासाठी रोलरब्लेड विकसित केली, १९९० च्या दशकात तिची प्रचंड लाट आली, आणि पुढच्या दशकात हौशी लोकांनी त्या स्केट्स माळ्यावर टाकल्या. स्केट म्हणून ती उत्तमच आहे. माझे स्वतःचे आयुष्य तिच्यावर गेले. पण ती एकट्याने रस्त्यावर वापरली गेली, आणि एकट्याच्या व्यायामाची जागा दुसरा व्यायाम सहज घेतो. अपवाद पॅरिसचा आहे. तिथे १९९० च्या दशकापासून शुक्रवारी रात्री मोंपार्नास भागातून हजारोंच्या संख्येने लोक स्केट्सवर शहराचा फेरफटका मारतात, पुढेमागे पोलीस असतात आणि त्यांतले काही स्वतः स्केट्सवर असतात. जिथे ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सोबत मिळाली तिथे इनलाइनही टिकले.

आता आपल्याकडची स्थिती. गुणवत्तेत आपण कमी नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुप कुमार यामा यांनी कलात्मक स्केटिंगमध्ये दोन कांस्यपदके मिळवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेमध्ये आपल्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांना कांस्यपदक मिळाले. पुरुषांच्या चमूत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. २०२५ मध्ये चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमार याने चीनमधल्या जागतिक स्पर्धेत १००० मीटर आणि ४२ किलोमीटर मॅरेथॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली, आणि या खेळात भारताला पहिला जगज्जेता मिळाला. आमच्या वर्गांतली मुले त्याच्या शर्यती पुन्हा पुन्हा पाहतात.

परंतु वर्गाबाहेर काय आहे? मूल पाचव्या वर्षी फिरत्या पट्टीच्या, पायाबरोबर वाढवता येणाऱ्या स्केट्सवर सुरुवात करते, जिल्हा आणि राज्य स्पर्धा खेळते, क्वाड की इनलाइन हे पदकाच्या शक्यतेवर ठरते, आणि दहावीच्या वर्षी स्केट्स पिशवीत जातात त्या पुन्हा निघत नाहीत. जे राज्य पातळीच्या पुढे जात नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांसाठी, पुढे काहीच ठेवलेले नाही. दुसरीकडे विक्रमांचे वेड आहे. उभ्या गाड्यांच्या खालून पाय फाकवून जमिनीलगत सरपटत जाण्याचे लिंबो स्केटिंग भारतात जेवढे लोकप्रिय आहे तेवढे अन्यत्र क्वचितच असेल. त्या मुलांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे, पण तो बालवयातल्या लवचीकतेचा प्रकार आहे. उंची वाढली की तो संपतो, आणि प्रमाणपत्र भिंतीवर राहते. खुले सत्र, जिथे तिकीट काढून कोणत्याही वयाचा माणूस येईल, संगीत लागेल आणि कोणी घड्याळ लावणार नाही, ते आपल्या शहरांत फार विरळ आहे. महापालिकांनी बांधलेली रिंक सकाळ-संध्याकाळ वर्गांना दिलेली असतात आणि बाकीच्या वेळी कुलूपबंद असतात.

म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: अर्थ आहे, अवश्य सुरू करावे. स्केट निवडताना प्रथम जमीन पाहावी. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर वा डांबरी रस्त्यावर फिरायचे असेल तर ८० मिलिमीटर चाकांची इनलाइन बरी. बास्केटबॉलच्या कोर्टसारखी गुळगुळीत जागा मिळणार असेल आणि त्या चलचित्रांतले काही करून पाहायचे असेल तर क्वाडच घ्यावी. चाकाचा व्यास ६० मिलिमीटरच्या आसपास आणि कठीणपणा ७८ए ते ८५ए असावा. ९५ए किंवा त्याहून कठीण चाके लाकडी वा लेप दिलेल्या बंदिस्त फरशीसाठी असतात, आपल्या काँक्रीटवर ती दात खिळखिळे करतात. मुलांच्या फिरत्या पट्टीच्या स्केट्स मोठ्या माणसाने घेऊ नयेत, कारण घोट्याला आधार देणारा पक्का बूट नसेल तर तिसऱ्या दिवशी उत्साह मावळतो. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड सगळे घेतात. मोठ्या माणसाने मनगटाचे गार्ड त्याहून आधी घ्यावेत, कारण पडताना हात टेकणे ही आपली सवय मोडायला वेळ लागतो आणि चाळिशीनंतर मनगट लवकर दगा देते. पहिले काही तास फक्त पडायला शिकावे: गुडघे वाकवायचे, खाली बसत जायचे आणि पॅडवर उतरायचे.

देखभालीचे एकच सांगतो, कारण घरोघरी तीच गफलत दिसते. बेअरिंगमध्ये खोबरेल तेल घालू नये. ते थंडीत गोठते आणि धूळ धरते. पावसाळ्यात चाके भिजली तर बेअरिंग काढून पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. चाकाचा नट घट्ट करून मग किंचित मागे फिरवावा, इतका की चाक बोटाने फिरवल्यावर मोकळे फिरेल आणि हलवल्यावर जेमतेम खुळखुळेल.

जागेचा प्रश्न आपण स्वतः सोडवू शकाल असे मला वाटते. मुलाच्या प्रशिक्षकांना विनंती करून रविवारच्या वर्गानंतरचा एक तास मागावा. आमच्याकडे तो तास चालू आहे. येणाऱ्यांत बँकेतले अधिकारी आहेत, दोन शिक्षिका आहेत, शर्यती सोडलेली कॉलेजची मुले आहेत आणि आपल्याच नातवाकडून शिकणारे एक आजोबा आहेत. नियम तीनच ठेवले: सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचे, नवख्याने कठड्याकडून राहायचे, पडलेल्याजवळ सर्वांत आधी पोचणाऱ्याने थांबायचे. स्पीकर लहान चालतो, पण गाणी निवडताना ठोका मिनिटाला ९० ते १०० च्या दरम्यान ठेवावा; त्याहून जलद गाणे लागले की नवखी माणसे घसरायचे सोडून पावले आपटू लागतात.